सोबतीला कोण

११ नोव्हेंबर, मंगळ.
खोकल्याला दीड महिना झाला. आज छातीचा फोटो काढून आलो. तिथली टेक्निशियन बाई म्हणाली, "काका, श्वास रोखा." चौतीस वर्षं एक्स-रे काढताना मी लोकांना हेच म्हणत आलो. त्यातली सात भूतानात, बाकी इथे.
रिपोर्ट उद्या. पण फिल्म हातात मिळाली. बाहेर पायरीवर उजेडाकडे धरून पाहिली. उजवीकडे वर, हासळीच्या हाडामागे, एक डाग. बोराएवढा. कडा खडबडीत. अशा कडा मी ओळखतो. दुसऱ्या कोणाची फिल्म असती तर ओली असतानाच डॉक्टरकडे घेऊन पळालो असतो.
घरी येऊन वरण-भात लावला. अर्धा उरला.

१३ नोव्हेंबर, गुरु.
छातीचा डॉ. तरुण आहे, बोलायला बरा. सीटी पाहून म्हणाला, "सुई टाकून तुकडा घ्यावा लागेल. टीबी असू शकतो. दुसरंही असू शकतं." 'दुसरं' हा शब्द फार हळू. सरकारी दवाखान्यात करा, आरोग्य योजनेच्या कार्डावर होईल, हेही त्यानंच सांगितलं. मग विचारलं, "सोबत कोण आहे?"
"येतील," म्हटलं. कोण येतील ते त्यानं विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं.
संध्याकाळी शांताताईचा खाप्याहून फोन.
"खोकला कसा हाय गा?"
"कमी आहे."
"आवाज तं तसाच येऊन राहिला."
"हवा बदलली ना ताई."
बहात्तर वर्षांची बहीण, दोन्ही गुडघे गेलेले. तिचा मुलगा राजू कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्टवर. तिला सांगून काय होणार? जिवाला घोर लावून बसेल. नाही सांगितलं.

१७ नोव्हें., सोम.
सरकारी दवाखाना. सकाळी आठला गेलो, दीडला सुटलो. आधी केसपेपरची खिडकी, मग कार्डाची, मग रक्ताची, मग परत कार्डाची. अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटेना. डार्करूमच्या पाण्यात हात घालून घालून बोटं गुळगुळीत झालीत. चौथ्यांदा जुळला.
खिडकीतली बाई म्हणाली, "काका, तुम्ही बाकावर बसा. सोबतच्या माणसाला रांगेत उभं करा."
"मीच पेशंट, मीच सोबतचा."
ती आधी हसली. मग फाईल स्वतःच पुढच्या टेबलावर नेऊन दिली. भली बाई.
भूतानात एकच खिडकी होती. नाव सांगायचं, वही दाखवायची, बसायचं. पैशाचा प्रश्नच नाही, राजापासून गुराख्यापर्यंत. पण हेही लिहून ठेवतो : तिथे त्या वेळी सीटी नव्हता. असा डाग दिसला की कागद राजधानीला जायचे, तिथे डॉक्टरांची समिती बसायची, मग पेशंटला भारतात पाठवायचे. दोन दोन महिने. माझा सीटी इथे दोन दिवसांत झाला. रांगेत पाय दुखले म्हणून खोटं लिहू नये.

१९ नोव्हें., बुध.
सोनमला फोन केला. भूतानच्या दवाखान्यात ती सिस्टर होती, आता रिटायर. सात वर्षं आम्ही तिच्या घराच्या व्हरांड्यात चहा प्यायलो. अजूनही हिंदीतच बोलतो आम्ही, तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. या जगात हिलाच पहिल्यांदा सांगितलं. का? लांब आहे म्हणून असेल.
ती म्हणाली, सर, इकडे या, हवा चांगली आहे. मग स्वतःच म्हणाली, नाही, येऊन काय करणार, फुप्फुसाचं ऑपरेशन इकडे कुठे? तुम्हाला परत तुमच्याच देशात पाठवतील.
तिच्या नवऱ्याची किडनी गेली तेव्हा तिकडच्या सरकारनं दोघांनाही कोलकात्याला पाठवलं होतं. पेशंट आणि सोबत एक माणूस, दोघांचं जाणं-येणं, राहणं, सगळं. सात आठवडे होती ती तिथे. म्हणाली, डॉक्टर देवासारखे. पण रोज सकाळी कोणी ना कोणी ओरडायचं, पेशंट के साथ कौन है? मला पळायला दिशा कळायची नाही. एका बंगाली बाईनं हाताला धरून सगळ्या खिडक्या दाखवल्या.
तिकडेही आता पहिल्यासारखं राहिलं नाही म्हणे. बऱ्याच सिस्टर ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिची मुलगी एकटी दोन वॉर्ड पाहते.
फोन ठेवताना म्हणाली, "किसी को साथ ले जाना, सर."

२४ नोव्हें., सोम.
भरती झालो. खाट अकरा. उद्या तुकडा घेणार.
बाराव्या खाटेवर वसंता. काटोलचा. फळबाजारात संत्री आकारावरून निवडून पेट्या भरायचं काम करतो. अठ्ठावन्न वय. फुप्फुसाबाहेर पाणी झालं म्हणून छातीत नळी, नळीचं टोक खाली बाटलीत. बाटली उचलून संडासापर्यंत जातो, त्याहून लांब नाही. भावानं भरती केलं आणि तो शेवटच्या बसनं गेला. माल निघून राहिला म्हणे, परवा येतो. त्याला नऊ दिवस झाले.
दुपारी राउंडला डॉ. त्याला म्हणाले, पाण्याचा रिपोर्ट लॅबमधून आणलाय का?
"कोन आनन साहेब? मी या बाटलीसंगं जाऊ का?"
लॅब दुसऱ्या इमारतीत. मला अजून काही झालं नव्हतं, दोन्ही पाय चालत होते. गेलो. रिपोर्ट तीन दिवसांपासून तयार होता. नुसता पडून होता. टीबी.
वसंताला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं बापा. मले वाटलं कॅन्सर गिन्सर हाय." आणि खुशाल झोपला.

२५ नोव्हें., मंगळ.
सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आली. माझी सही झाली. खालची जागा रिकामी. "नातेवाईकाची सही? सोबतचा माणूस लागेल काका. नाही तर उद्यावर जाईल, परवावरही जाईल."
मी काही बोलायच्या आत वसंता खाटेवर उठून बसला. "आना इकडं. मी करतो."
"तुम्ही कोण यांचे?"
"भाऊ."
सिस्टरनं दोन्ही केसपेपर पाहिले. हा ढोके, मी रामटेके. "आडनाव वेगळं आहे."
"मावसभाऊ लिवा ना बाई. मावशी एकच."
तिनं मान खाली घालून लिहून घेतलं. वसंतानं सही केली, अक्षर अन् अक्षर जोडून. आमच्या दोन आडनावांत एक मावशी कशी बसेल ते त्यालाही ठाऊक, मलाही, सिस्टरलाही. माझ्या आज्याला काटोलच्या बाजारात वेगळ्या कपात चहा मिळायचा.
सीटीच्या टेबलावर पालथा. "श्वास रोखा." रोखला. सुई टोचताना दुखलं नाही, नंतर दुखलं.
वर आणलं तेव्हा वसंता बाटली हातात धरून दारात उभा होता. सिस्टर त्याच्यावर ओरडत होती.

२७ नोव्हें., गुरु.
सुईच्या जागी थोडी हवा शिरली. डॉ. म्हणाले दोन दिवस थांबा. आता मीही हलायचं नाही. आमचे दोघांचेही कागद पडून. तेराव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून आमची औषधं आणते. तिचं नाव विचारायचं राहिलं.
भूतानचं सांगितल्यापासून वसंता दिवसभर विचारत असतो. "तिकडं असं असते का?" जेवण आलं की. झाडूवाली आली की.
"तिकडं सोबतचा मानूस लागत नाई?"
"लागतो. पण नसला तर सिस्टर असते."
"मंग कायले आले सोडून?"
टाळलं असतं, पण त्याचा चेहरा सरळ होता. सांगितलं. बायकोला, शीलाला, सातवा महिना होता. पावसाळा. अचानक रक्त जायला लागलं. आमच्या दवाखान्यात सगळं फुकट होतं, पण त्या आठवड्यात ऑपरेशन करणारा डॉ. नव्हता. गाडी निघाली, चाळीस किलोमीटरवर दरड कोसळलेली. गाडी परतली. मूल गेलं. मुलगी होती. शीला वाचली. सोनम तीन दिवस तिच्या खाटेजवळून हलली नाही, घरी तिचं स्वतःचं अंगावरचं पोर होतं. पुढच्या वर्षी आम्ही नागपूरला परतलो. शीला म्हणाली, जिथे डॉक्टर आहे तिथे राहू.
वसंता बाटलीकडे पाहत राहिला. मग, "अन् आता वहिनी?"
चार वर्षं झाली. मेंदूत रक्तस्राव. खासगी दवाखाना, दहा मिनिटांवर. सगळं होतं. मशीन, मोठे डॉक्टर, एसी. मला म्हणाले रक्ताची पिशवी आणा. रक्तपेढीच्या रांगेत माझ्यापुढे सहा माणसं होती. पिशवी घेऊन आलो तेव्हा पडदा ओढलेला होता.
हे मी आजवर कोणाला या क्रमानं सांगितलं नव्हतं. आधी भूतान, मग नागपूर. सांगून झाल्यावर वाटलं, शीलानं विचारलं असतं तर मी कुठलं बरं होतं म्हणून सांगितलं असतं? दरडीच्या या बाजूला सोनमचा हात, की दहा मिनिटांवरचे मोठे डॉक्टर?
वसंता म्हणाला, "जेवून घ्या. थंडं होऊन राहिलं."

२९ नोव्हें., शनि.
दोघांनाही सुट्टी. त्याची नळी काल काढली. टीबीच्या गोळ्या सरकारकडून, फुकट, सहा महिने. पाकीट मीच समजावून दिलं. एकही दिवस चुकवायची नाही. त्यानं माझा नंबर घेतला, मी त्याचा. बसस्टँडपर्यंत ऑटो एकच केली.
घरी आलो. दार उघडल्यावर बंद घराचा वास. रेडिओ लावला, कोणीतरी बोलावं म्हणून.

५ डिसें., शुक्र.
रिपोर्ट आला. 'दुसरं'च आहे.
डॉ. म्हणाले, लवकर सापडलं, पसरलेलं नाही, फुप्फुसाचा वरचा भाग काढला तर चांगली आशा आहे. तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दहा-बारा दिवस भरती, नंतर महिनाभर घरी कोणीतरी हवं. परत तोच प्रश्न. यावेळी 'येतील' म्हणवलं नाही. म्हटलं, बघतो.

६ डिसें., शनि.
सकाळी पांढरा शर्ट घालून चौकातल्या पुतळ्यापाशी गेलो. मेणबत्ती लावली. ओळखीचे बरेच भेटले. "कसे आहात रामटेके साहेब?" "मजेत." एकूण अकरा वेळा मजेत. मोजलं.

११ डिसें., गुरु.
वसंता रोज सकाळी फोन करायचा. "घेतली गोळी." एवढंच. ठेवून द्यायचा. त्या दोन शब्दांवर माझा चहा व्हायचा. तीन दिवस फोन नाही. मी केला तर बंद.

१३ डिसें., शनि.
काटोलला गेलो. बसमध्ये दम लागला पण गेलो.
फळबाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल संपत आलेला. वसंता पेट्यांच्या मागे, पोत्यावर पडून. संत्री निवडत नव्हता. डोळे पिवळट. फोन विहिरीत पडला म्हणे. गोळ्या पाच दिवसांपासून बंद.
"काहून?"
"ओकारी येते. काई पोटात राहत नाई. अन् भाऊ म्हणे ह्या सरकारी गोळ्या गरम असतात."
"तुझ्या भावाच्या..." पुढचं लिहीत नाही.
मी ओरडलो. भर बाजारात. शीला गेल्यापासून मी कोणावर ओरडलो नव्हतो. लोक पाहायला लागले. मग खोकल्याची उबळ आली आणि वसंतानंच मला पाणी पाजलं.
तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. इथे मी सोबतचा माणूस. खिडक्या तीनच, सगळ्या मी केल्या. डॉ. बाईंनी रक्त तपासायला घेतलं. लिव्हरला त्रास होतोय, गोळ्या बदलून, टप्प्याटप्प्यानं पुन्हा सुरू करू, रोज इथे यायचं. मी विचारलं, रोज येशील? "हाव." शपथ? "हाव ना गा."
परतताना बसस्टँडवर म्हणाला, "तुमचं ऑपरेशन कधी?"
सांगितलं.
"मंग मी येतो. दहा दिवस राहतो. मी भाऊ होय ना, सही केली हाय."
मला नाही म्हणावं लागलं. त्याची औषधं मध्येच सुटलेली, आता रोज इथे हजेरी. आणि कापलेल्या फुप्फुसाजवळ टीबीचा माणूस कोणी बसू देणार नाही. हे सगळं समजावून सांगितलं, जसं पेशंटला सांगतात तसं. तो ऐकत होता. बस लागली तेव्हा एक पिशवी संत्री खिडकीतून आत दिली, आणि बस सुटेपर्यंत थांबला नाही, वळून गेला.

१४ डिसें., रवि.
खाप्याला गेलो. ताई अंगणात तूर निवडत होती. सगळं सांगितलं. सुपातली तूर खाली ठेवून तिनं मला पाठीत एक धपाटा घातला. सहासष्ट वर्षांच्या माणसाला.
"मले काहून नाई सांगतलं?"
"तुझे गुडघे..."
"गुडघे माये हायत. तुले काय त्याचं?"
मग रडली. मग पोळ्या टाकल्या. मी चार खाल्ल्या. ती रात्रपाळी करून झोपलेल्या राजूला उठवून म्हणाली, मामाले रक्त लागन. तो डोळे चोळत म्हणाला, "देतो ना. ग्रुप कोनता?"
तिच्यापासून लपवून मी काय वाचवलं होतं, कोणाला वाचवलं होतं, कळत नाही. परतीच्या बसमध्ये हाच विचार. एकटं राहायची सवय लागली की ती चांगुलपणासारखी वाटायला लागते.

२ जाने., शुक्र.
फुंकर मारायच्या यंत्रात फुंकर मारली, हृदयाचा आलेख झाला. राजूनं रक्त दिलं, कोराडीहून थेट ड्यूटीच्या कपड्यांवर, बुटांवर राख. कार्डाच्या खिडकीवर यावेळी ठसा पहिल्याच दणक्यात जुळला.
सोनमचा व्हिडिओ कॉल. व्हरांडा तोच. तिनं माझ्यासाठी लोण्याचा दिवा लावलाय म्हणे. मी विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाली, तिचेही ऑस्ट्रेलियाचे कागद झाले. मार्चमध्ये जाणार. मग तिथे कोण राहिलं? म्हणाली, मी आहे ना. हसली. तिच्या मागे कोणीच नव्हतं, नुसता डोंगर.
काटोलच्या डॉ. बाईंना फोन केला. वसंता रोज येतो म्हणाल्या. स्वतः मात्र फोन करत नाही. रुसला असेल.

७ जाने., बुध.
वॉर्ड. सकाळी नऊ. पोट रिकामं, अंगावर हिरवा झगा. ऑपरेशनच्या यादीत माझा नंबर दुसरा होता, आता तिसरा झालाय. एक अपघाताचा पेशंट मध्ये आला. दुपारपर्यंत होईल, किंवा उद्यावर जाईल. सिस्टरलाही माहीत नाही.
ताई काल संध्याकाळपासून आहे. राजू पाचला येईल. स्टूल एकच होतं, त्यावरून शेजारच्या खाटेच्या बाईशी ताईचं भांडण झालं, आता दोघी एकमेकींच्या डब्यातलं खाऊन राहिल्या.
एक कागद खाली नेऊन शिक्का मारून आणायचा होता. ताई उठली. जिना उतरणं तिला जमणार नाही. मीच गेलो, झग्यावरून शाल घेऊन. रांगेतल्या लोकांनी पुढे जाऊ दिलं. परत आलो तर ताई हातावर हनुवटी टेकून.
"तुह्या त्या भूतानात असते तं?"
"तिकडं याचं ऑपरेशन नाही ताई. मले इकडंच पाठवलं असतं."
"मंग? इकडंच तं हाय तू."
"हो. पण सरकारनं सोबत एक माणूस दिला असता."
तिनं डोळ्यावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.
"मंग मी कोन होय?"
तिनं माझी शाल घडी करून मांडीवर घेतली.
वॉर्डबॉयनं दुसरं नाव घेतलं. माझं अजून नाही.